बटणिकेची दोन कार्ये

पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक आहे, याबद्दल कोठेही दुमत नाही. भांडुप पश्चिमेला ती स्पंजची असते आणि परब झेरॉक्स अँड प्रोजेक्ट सेंटरमध्ये शनिवारी दुपारपर्यंत तयार मिळते. (पूर्वी ती थर्माकोलची असे. बंदी आल्यावर तिनं हा बदल निमूटपणे स्वीकारला.)

धाकू परब गेली सोळा वर्षं आठवीच्या मुलांसाठी पेशी बनवतो. स्वतः तो नववीला तीनदा बसला आणि मग उठला. पण पेशीबद्दल त्याला मनापासून आदर. तिच्याभोवतीचं पटल हवं ते आत घेतं, नको ते अडवतं. तंतुकणिका अन्नातून ऊर्जा काढतात, म्हणून त्या राजम्याच्या. लयकारिका कचरा पचवतात, म्हणून साबुदाण्याच्या. केंद्रक सगळ्यांना हुकूम सोडतं, म्हणून प्लास्टिकचा चेंडू. आणि सगळं सुरळीत चाललं की पेशी स्वतःची हुबेहूब नक्कल काढते. झेरॉक्सवाल्याला याहून पटणारं शास्त्र नव्हतं.

पहिल्याच वर्षी धाकूच्या शर्टाचं बटण तुटून ओल्या गोंदात पडलं आणि गोंद वाळला. तेवढ्यात माधुरी सावंत ही पालक पेशी न्यायला आली. तिला ऑफिस गाठायचं होतं.

"हे काय चिकटलंय?"

धाकूनं पेशीवरची नावं एकवार वाचली. तंतुकणिका, लयकारिका, रिक्तिका.

"बटणिका," तो म्हणाला.

"काय करते ती?"

"पेशी उघडबंद करते ना, ताई."

माधुरीच्या लेकीला दहापैकी दहा मिळाले. पुढच्या वर्षी एकोणीस पालकांनी बटणवाली पेशी मागितली. तिसऱ्या वर्षी बटण नसलेल्या पेशीचे गुण कापले गेले. पाचव्या वर्षी घटक चाचणीत प्रश्न आला: बटणिकेची दोन कार्ये लिहा. (दुसरं कार्य शाळेनं स्वबळावर शोधलं. ते म्हणजे पेशीला शिस्त लावणे.) मुलुंडच्या एका क्लासनं तर वर्गीकरणही केलं: प्राण्यांत चार भोकांची, वनस्पतींत दोन भोकांची. धाकूनं याबाबत कुणाला काही सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

यंदा त्याचीच मुलगी श्रुतिका आठवीत आली. तिनं बापाच्या दुकानातली पेशी घेतली नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला, पुस्तक उघडलं आणि जे दिसलं तेवढंच बनवलं. दहापैकी चार. शेरा: बटणिका आढळली नाही.

"पप्पा, पुस्तकात नाहीये. कांद्यात पण नाहीये," ती म्हणाली. "मग आली कुठून?"

"माझ्या शर्टातून," धाकू म्हणाला. पोरीसमोर त्याला एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

"मग सांग ना सगळ्यांना."

म्हणून पालकसभेत धाकू उभा राहिला. घाबरला की तो गावच्या बोलीवर येतो. "ती बटणिका-बिटणिका काय नसता," तो म्हणाला. "ता माझ्या शर्टाचा बटण होता."

सभा गंभीर झाली. विज्ञानाच्या शर्मिष्ठा मॅडमनी खुलासा केला की बटणिका उत्तरसूचीत आहे, आणि पेपर उत्तरसूचीप्रमाणे तपासले जातात, पेशीप्रमाणे नव्हे. साकीनाक्याला औषधांच्या कंपनीत असलेले अनिरुद्ध नावाचे पालक उठले.

"काका, तुमचं शिक्षण किती?"

"नववी नापास."

"बरं," अनिरुद्ध म्हणाले, आणि शास्त्रीय चर्चा तिथं संपली.

उरला व्यावहारिक भाग. सोळा वर्षांत सातशे बारा मुलांना बटणिकेवर पूर्ण गुण मिळाले होते. त्यातली काही फार्मसीला होती, दोघी तर डॉक्टर झाल्या होत्या. एवढ्या लोकांना आता परत कुठून बोलावणार? तेव्हा लोकशाही मार्गानं जायचं ठरलं. बटणिका असते असं ज्यांचं मत असेल त्यांनी हात वर करावेत.

बेचाळीस पालकांपैकी एक्केचाळीस हात वर गेले. दाराशी श्रुतिका उभी होती. ती फक्त बापाकडे बघत होती.

धाकूनं तिच्याकडे पाहिलं. मग सभेकडे पाहिलं. सगळी ओळखीची माणसं, येत्या शनिवारी यांच्याच पेशी द्यायच्या होत्या. त्याचा हात आधी खांद्यापर्यंत गेला, तिथं जरा घुटमळला, मग पुरता वर झाला. श्रुतिका वळली आणि जिना उतरून गेली. तिचे चार गुण चारच राहिले.

इतिवृत्तात नोंद आहे: ठराव एकमताने मंजूर.

बटणिका असं काही नसतं हे ज्या वाचकांना ठामपणे ठाऊक आहे, त्यांनी आता कृपया हात वर करावा. आधी आजूबाजूला कुणी केलाय का, ते बघून घ्यायला हरकत नाही.