वस्तादाचा दहावा

शिरूरच्या जकात नाक्यावरचा आडवा बांबू दगडूआप्पा कधी हातानं उचलत नसत. गाडीवाल्याची पावती फाडून झाली की दोन पावलं मागं सरत, "हूऽऽ" करून ओरडत आणि बांबूच्या दगड बांधलेल्या टोकावर लाथ हाणत. बांबू वर जाई, बैल बुजत आणि गाडीवाला आप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

आप्पा माझे शेजारी. वय पन्नाशीचं, अंगानं काडीपैलवान. दौंडला तंबूत त्यांनी कराटेचा पिक्चर पाहिला आणि तेव्हापासून कपाळावर केस ओढून हिंडू लागले. त्यातल्या चिनी नटाला ते 'वस्ताद' म्हणत. पिक्चर इंग्रजीत, आप्पांना इंग्रजीचा गंध नाही. तरी सकाळी मी दात घासत असलो की कुंपणावरून सुरू, "वस्ताद काय म्हन्तो, गुरुजी? आधी दम सांभाळा, मंग दुश्मन!" दिवसभर शाळेत घसा फोडून आलो की संध्याकाळी पुन्हा तेच. मी नुसता हं म्हणायचो. वाद घालायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

एकदा दौंडहून आले ते माझ्या ओट्यावर मटकन बसले. "वस्ताद गेला, गुरुजी."

वस्ताद जाऊन काही वर्षं झाली होती. पिक्चर आमच्याकडे उशिरा पोचला, आणि तंबूवाल्यानं ही बातमी आज सांगितली.

"अहो आप्पा, जुनी गोष्ट ती!"

"सुतक कळल्यापास्नं धरत्यात."

आणि धरलं की! बांबू हातानं उचलायला लागले. गाडीवाले तब्येत विचारू लागले.

दहाव्याला आम्ही दोघंच घोडनदीवर. भटजींनी गोत्र विचारलं, आप्पा म्हणाले, "तालीम." भटजी चालते झाले. मग आप्पांनीच भाताचा पिंड मांडला. कपाळावरचे केस, मिशी, सगळं उतरवलेलं.

कावळा काही शिवेना. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मागच्यांनी ती ओळखून वचन द्यायचं. आप्पांनी हात जोडले. "वस्ताद, तुमचा अर्धा राहिलेला पिक्चर दुसरं कुनी पुरा करील." कावळे बाभळीवर ढिम्म. "बासष्टच्या लढाईचं आमी मनात ठेवलं न्हाई." तरी ढिम्म. ऊन चढलं. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

आप्पा वाळूत बसले. "ह्येच्यासाठी मी तरी आलो, गुरुजी. माज्या पिंडाम्होरं हात जोडायला कोन हाय?"

बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. कुंपणाशी सोडलं तर हा माणूस बोलणार तरी कुणाशी?

"मी आहे ना, आप्पा. तुमचं सगळं मी करीन."

बाभळीवरून एक कावळा उतरला आणि शितं उचलून गेला.

आप्पा बघतच राहिले. मग उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "बगा गुरुजी, वस्तादाचा जीव माज्यात अडकला व्हता."