किशनकाकांचं खोकं

आमच्या शेजारच्या किशनकाकांच्या घरी एक सोफा आहे, पण त्यावर आजवर कोणीही बसलेलं नाही. सगळे बसतात ते सोफ्याच्या प्लास्टिकवर. सेलूच्या उन्हाळ्यात त्या प्लास्टिकवर घटकाभर बसलं की उठताना आपण पुढे येतो आणि साडी मागेच राहते. मी एकदा कुरकुर केली, तर काका म्हणाले, "बाई, सोफा तर नवा ऱ्हायला ना?" ज्याच्यावर कोणी बसतच नाही तो सोफा नवा राहणार नाही तर काय, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी शाळेत शिकवते. कुठे तोंड वाया घालवायचं ते मला कळतं.

प्लास्टिकनंतर काकांची दुसरी निष्ठा म्हणजे खोकी. मिक्सर, इस्त्री, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, जे जे घरात आलं त्याचं खोकं आतल्या थर्माकोलसकट माळ्यावर गेलं. खोक्यांना राजकारणात प्रसिद्धी मिळाली त्याच्या किती तरी आधीपासून काका खोकी जमवत आहेत. फरक इतकाच, की काकांची रिकामी असतात. जन्मभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात स्टोअर सांभाळलं, त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञानही स्टोअरमधलंच: "खोकं हाय तवर वस्तू वापस जाते. खोकं गेलं की वस्तू गळ्यात." गावात कोणाचं काही बिघडलं की काका आधी विचारणार, "खोकं हाय का?" मागे माझा गुडघा सुजला तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. तो विनोद होता की चौकशी, हे मला अजून समजलेलं नाही. मात्र एवढी खोकी जपून काकांनी स्वतः एकही वस्तू कधी परत केल्याचं ऐकिवात नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील पाथरी रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेराव्याचं जेवण उरकलं, हात धुऊन झाले आणि पाहुण्यांना सल्ल्याची उबळ आली. "तरणी पोर हाय, पोटी लेकरू न्हाई. माहेरी पोचती करून द्या, दादा." काका सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "सून काय खोक्यात आली व्हती का, वापस धाडायला?" पाहुणे पानाच्या ताटाकडे वळले. मला तर रागच आला. मुलाच्या तेराव्यालाही या माणसाला खोकीच दिसतात, असं वाटलं.

तर सून, अर्चना, राहिली. काकांची तिच्यावर माया आहे असं मात्र कोणी छातीठोकपणे सांगितलं नसतं, कारण ते तिच्याशी बोलतच नाहीत. काकांचं मूळ गाव झरी. तिथल्या त्यांच्या घरात सासऱ्याने सुनेशी थेट बोलायची रीत नाही. सेलूला येऊन तीस-चाळीस वर्षं झाली, पण ही रीतही काकांनी खोक्यातून बाहेर काढलेली नाही. बोलायचं ते बायकोमार्फत, म्हणजे गयाकाकूंमार्फत. "तिला म्हनाव, चहा टाक." अर्चना समोरच उभी. गयाकाकू पोळी लाटता लाटता म्हणणार, "चहा टाक." अर्चना काकूंना म्हणणार, "मामांना सांगा, दूध न्हाई." काकू सांगणार, "दूध न्हाई." सगळा संसार असा चाललेला. काकू माहेरी गेल्या की हे काम माझ्याकडे येतं.

अर्चना बी.कॉम. झालेली. मागच्या वर्षी तिने हिशेबाचा एक संगणकाचा कोर्स केला आणि पुण्यात हिशेबनिसांच्या एका छोट्या कार्यालयात तिला नोकरी मिळाली. दिवाळीनंतर रुजू व्हायचं, लॅपटॉप स्वतःचा आणायचा. नाही आणला तर जागा दुसरीला. भाऊबंदांत लगेच कुजबुज सुरू झाली, की विधवा सुनेला एकटीला पुण्याला कसं धाडतात. काका मात्र एक दिवस परभणीला गेले आणि लॅपटॉप घेऊन आले.

आता शहाणी माणसं लॅपटॉप केव्हा घेतात? गरज लागेल तेव्हा. काकांनी घेतला पितृपक्षात. पितृपक्षात कोणी नवी वस्तू घेत नाही, त्यामुळे दुकानदार माश्या मारत बसलेला असतो आणि भाव पाडून मिळतो, हा एक हिशेब. आणि पितृपक्षात नवी वस्तू उघडायची नाही, हा दुसरा. मग वस्तू स्वस्तात घ्यायची, पण उघडायची घटस्थापनेला. पितरही खूश, खिसाही खूश. या दुहेरी हुशारीचं त्यांनी मला अगदी खुलवून वर्णन केलं. दुकानदाराने बिलावर छापलेलं होतं, की माल खराब निघाला तर सात दिवसांत बदलून मिळेल. ते सात दिवस लॅपटॉपने देवघराशेजारी सीलबंद खोक्यात काढले. पुढचेही.

घटस्थापनेला खोकं उघडलं. आधी काकांनी शाळेच्या वह्यांना घालतात ते पारदर्शक कव्हर कापून कळफलकावर चिकटपट्टीने बसवलं. झाकणावर कंपनीचं प्लास्टिक होतंच, ते काढायचा प्रश्नच नव्हता. मग पूजा. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक, कळांवर हळद-कुंकू, समोर नारळ फोडला. नारळ जरा जोरात फुटला. त्यानंतर अर्चनाने बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या आणि पाठोपाठ अंधार.

"तिला म्हनाव, परत दाब," काका म्हणाले.

परत दाबलं. परत रेघा, परत अंधार. काकूंनी हळूच विचारलं, "तुमीच म्हनले व्हते ना, लय चांगला हाय म्हनून?" काका त्या दिवशी जेवले नाहीत. घरात नवरात्राचा उपास होताच, पण तो काकूंचा, त्यांचा नव्हता.

दुकानदाराने बिलावरच्या सात दिवसांवर बोट ठेवलं आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडे बोट दाखवलं. केंद्र परभणीतच होतं. पॅसेंजरने आम्ही तिघं निघालो: काका, अर्चना आणि मी. मला का नेलं ते तिथे गेल्यावर कळलं. तिथला इंजिनिअर अर्चनाला विचारायचा, "मॅडम, प्रॉब्लेम कधी येतो?" लगेच काका मला म्हणायचे, "बाई, तिला इचारा, कवा येतो." मी तिला विचारायची. ती मला सांगायची. मी काकांना सांगायची, आणि काका इंजिनिअरला सांगायचे, जणू आत्ताच पुण्याहून तार आली आहे. तो बिचारा एकदा माझ्याकडे आणि एकदा पंख्याकडे बघत होता.

लॅपटॉप उघडल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. "काका, यात कुंकू हाय. अन पान्याचे डागबी दिसायलेत."

"नारळाचं पानी हाय ते."

"कंपनी त्याला लिक्विड डॅमेज म्हनते. वॉरंटी बाद झाली."

"कंपनीला सांगा, तीर्थ हाय."

"काका, तीर्थ असू द्या का काही असू द्या. मशीनला ओल लागली की आमी काही करू शकत न्हाई."

दिवाळी पंधरवड्यावर आली होती आणि दुसरा लॅपटॉप घ्यायची ऐपत त्या घरात नव्हती. अर्चनाने मला हळूच सांगितलं, "ताई, मामांना म्हणा, राहू द्या. मी पुण्याला कळवते, जमत न्हाई म्हणून." मी हे काकांना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. त्यांनी ते ऐकलं होतं.

ते उठले. लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कळफलकावरच्या चिकटपट्टीचं टोक नखाने उचकलं आणि वहीचं कव्हर हळूहळू सोलून काढलं. मग झाकणावरचं कंपनीचं प्लास्टिकही. ज्या माणसाने जन्मात कशावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं, तो ते सोलत होता, आणि मी त्याच वेळी मनात काहीतरी टोचून बोलायची तयारी करत होते. स्वस्तिक, हळद, कुंकू, नारळाच्या पाण्याचे डाग, सगळं त्या दोन प्लास्टिकांसोबत निघून आलं. खाली लॅपटॉप लख्ख. "आता बघा," काका म्हणाले, "कुठं ओल हाय दावा."

इंजिनिअरने भिंगातून बघितलं, मशीन उघडून बघितलं. ओल कुठेच नव्हती. हिरव्या रेघा मात्र पहिल्यासारख्याच होत्या. त्याने पडदा बदलायचं कबूल केलं.

पडदा बदलून आला. दोन दिवस चालला आणि पुन्हा रेघा आल्या. मग काका कंपनीच्या हेल्पलाइनवर तुटून पडले. त्यांची हिंदी आमच्याकडच्या बाजारातली. "म्याडम, हमकू दुरुस्ती नको, नवा होना. खोका है हमारे पास. पूरा खोका." पलीकडची मुलगी खोक्याबद्दल काही विचारतच नव्हती, तरी काका प्रत्येक फोनमध्ये खोक्याचा दाखला देत होते. मला वाटलं, आता या माणसाला आवरायला हवं. तेवढ्यात वसुबारसेला परभणीच्या केंद्रातून फोन आला. कंपनीने लॅपटॉप बदलून द्यायचं मान्य केलं आहे, जुना मात्र मूळ खोक्यासह जमा करावा लागेल.

काकांनी लगेच शिडी लावली, माळ्यावर चढले आणि खोकं खाली आणलं. आत थर्माकोल होता, वायर गुंडाळायची तार होती, ओल शोषणाऱ्या दाण्यांची ती चिमुकली पुडीसुद्धा होती. केंद्रातला इंजिनिअर म्हणाला, "काका, एवढं कोणीच आनत न्हाई हो." काकांनी नुसती मिशी पुसली. सोफ्यापासून घड्याळापर्यंत आम्ही ज्या ज्या गोष्टींवरून हसलो होतो, त्या सगळ्यांचा हिशेब त्या दिवशी त्यांनी चुकता केला, असं मला वाटलं. नवा लॅपटॉप नव्या खोक्यात घेऊन आम्ही परतलो. तो चालू झाला आणि चालूच राहिला. पूजा झाली, पण नारळ अंगणात फोडला.

भाऊबीजेनंतर अर्चना पुण्याला निघाली. सेलूच्या स्टेशनवर काका, काकू आणि मी. लॅपटॉप तिच्या पाठीवरच्या बॅगेत होता. त्याच्या झाकणावरचं प्लास्टिक काकांनी स्वतःच काढलेलं होतं, हे मला तिथे काकूंनी सांगितलं. गाडी दिसू लागली तशा काकू रडायला लागल्या. अर्चनाने वाकून काकांना नमस्कार केला. काकू रडत होत्या, तेव्हा निरोप पोचवायचं काम माझं. मी सवयीने काकांकडे वळले आणि "तिला म्हनाव" ची वाट बघू लागले.

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"अर्चना," ते म्हणाले. तीन वर्षांत, आणि त्याआधी सुनील असतानाही, मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. "खोकं म्या माळ्यावर ठिवलंय. थर्माकोल हाय, समदं हाय. तिकडं न्हाई जमलं तर लाजू नको. कवाबी वापस ये."

अर्चनाने पाठीवरची बॅग सावरली. मग म्हणाली, "हो, मामा."

गाडी सुटली. काका डबा दिसेनासा होईपर्यंत उभे होते. मला तेराव्याच्या दिवशीची ती सुपारी आठवली, पाहुण्यांना दिलेलं ते उत्तर आठवलं, आणि माझा तेव्हाचा राग. मी काकूंचा हात धरला आणि आम्ही तिघं घराकडे चालू लागलो.