गुंदला गाडी येते

आमच्या शेजारचे नागूमामा कुणाच्याही दारी आले की उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि विचारायचे, "लाईन क्लिअर हाय काय?" आतून 'हाय' आल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. मी नवी सून होते, मला काय ठाऊक! मामंजी शेतावर गेलेत असं सांगून मी चुलीकडे वळले. बऱ्याच वेळानं पाण्याला निघाले तर म्हातारा उन्हात तसाच उभा. ओशाळून 'या' म्हटलं, तेही चालेना. शेवटी सासूबाई आतून 'क्लिअर हाय' म्हणाल्या तेव्हा आत आले.

त्यांचा जन्म गेला क्यासलरॉकला, रेल्वेत. आधी इंजनात कोळसा मारायचे, मग शंटिंगच्या इंजनावर डायवर झाले. म्हातारपणी गंगामामींना घेऊन गुंदला आपल्या शेतावर परतले. तेव्हा गुंद म्हणजे चहूकडे रान, बैलगाडीसुद्धा बेतानंच यायची. पण मामांचा कारभार रेल्वेच्या कायद्यानं. नांगराला बैल जुंपले की आधी हिरवं फडकं दाखवायचे. बैल आपले सवयीनं चालू लागत, आणि मामा म्हणत, "बघा, शिकले."

खोटं बोलायचं नाही हा त्यातला पहिला कायदा. खोटा सिग्नल म्हणजे माणसं मेली, म्हणायचे. माझी पहिली सांदणं खाऊन चारचौघांत म्हणाले, रबराचं वायसर हाय. आठ दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी.

मामींना मात्र विसर पडत चालला होता. दुपारी चार घास खायच्या, दिवस कलला की दारात येऊन बसायच्या. क्यासलरॉकला मामांचं इंजन शेडात शिरताना शिट्टी द्यायचं, एक लांब, दोन आखूड. ती ऐकून त्या भात चढवायच्या. गुंदला कसली आली शिट्टी? मामा समोर बसलेले असले तरी त्यांना ओळखायच्या नाहीत. म्हणायच्या, "आमचे हे येऊंदेत. गाडी आली न्हाई अजून." आणि घासाला शिवायच्या नाहीत. माझ्या हातचंही नको. बघता बघता हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या.

मी मामांना म्हटलं, "सांगून टाका की, आली गाडी म्हणून. जेवतील तरी."

"आली न्हाई तर आली कशी म्हणू, सुनबाई?"

आणि त्याच वर्षी सुगीनंतर या माणसानं गोठ्यात इंजन करायला घेतलं!

बैल अंगणात आले, इंजन गोठ्यात गेलं. चांगलं बैलगाडीएवढं लांब, कमरेएवढं उंच. मामींच्या माहेरच्या तांब्याच्या हंड्यांचा बायलर झाला. चाकं हुबळीहून ओतून आली. मोडक्या बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा सरळ करून खळ्यापासून दारापर्यंत रूळ टाकले. धुक्याच्या संध्याकाळी मी भांडी घासत कानशीची खरखर ऐकायची, आणि वाटायचं, रानात इथंच कुठंतरी स्टेशन आहे, आत्ता घंटा होईल. मग दारातल्या मामी दिसायच्या नि डोकं फिरायचं. बायको उपाशी, आणि हे खेळणी करतायत! एकदा तोंडावर बोललेसुद्धा. मामांनी कानशीवर फुंकर मारली आणि विचारलं, दुपारी किती खाल्लं तिनं? मी म्हटलं, जेमतेम मूठभर. मामा पुन्हा घासायला लागले, नेहमीपेक्षा भराभर.

तिसऱ्या सुगीला, दिवे लागायच्या वेळी, सगळं गाव खळ्यावर जमलं. शेतावर धुकं उतरलं होतं. त्यात इंजनाची वाफ मिसळली, आणि वाफ कुठली, धुकं कुठलं, कळेना. त्यातून नागूमामा बसल्या बसल्या हळूहळू पुढं आले, जणू जमिनीला न शिवता. सासूबाईंनी हात जोडले. मग शिट्टी झाली, एक लांब, दोन आखूड, आणि दारापासून दहा हातांवर इंजन फुस्स करून थांबलं. गाव खो खो हसलं.

मामांचं लक्षच नव्हतं. उतरले, जुना जेवणाचा डबा उचलला आणि कोळशानं काळ्या झालेल्या तोंडानं स्वतःच्याच दारासमोर जाऊन उभे राहिले.

"लाईन क्लिअर हाय काय?"

मामींनी वर बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पदर सावरत उठल्या.

"हाय की. लई लेट झाली आज गाडी. हात धुवा, भात चढवते."

त्या संध्याकाळी दोघं जेवली. मामींनी दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी मी मामांना विचारलं, नुसती शिट्टीच करायची होती, तीन सुग्या कशाला घालवल्या?

"इंजनाबिगर शिट्टी म्हणजे खोटा सिग्नल," ते म्हणाले. "तिला कधी दिला न्हाई."

मला माझीच लाज वाटली. मामी होत्या तोवर गुंदला रोज गाडी आली, आणि आमच्या घरचा भातही त्याच शिट्टीवर चढला.