फलाट तीनवर घरचा आवाज

"एक ओळ! फक्त एक ओळ टाइप करायची, की गठ्ठ्यातून हवं तेवढंच बाहेर. बाकीच्याला धक्कासुद्धा लागत नाही!"

बसस्टँडच्या कंट्रोलरूममध्ये उद्घोषणांचा कॉम्प्युटर सांभाळणारे आपले कमांडर हे वाक्य येताजाता ऐकवायचे. कमांडर हे अर्थातच टोपणनाव. त्यांचं सगळं काम काळ्या पडद्यावर, कमांड टाइप करून. समोर कुणी माऊस हलवला तरी ते असं तोंड करत, जणू चहात साखरेऐवजी मीठ पडलंय!

त्या दुपारी मात्र त्यांना काम वेगळंच होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना बायकोचा आवाज ऐकायचा होता.

बाईसाहेब लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, पार विमानाने जावं लागतं तिथे. "लगेच येते" म्हणाल्या. मग बाळाला सर्दी झाली, मुक्काम वाढला. मग बाळाला दात यायला लागले, मुक्काम आणखी वाढला. रोज दुपारी फोन यायचा, पण त्यात नातवाची शिंक, नातवाची जांभई, नातवाचं पालथं पडणं! कमांडरांच्या वाट्याला शेवटी एकच प्रश्न यायचा, "तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? मजेत आहे!" असं ते ठणकावून सांगत आणि घरी गेले की एकटेच पंख्याकडे बघत बसत. "करमत नाही, ये" एवढं म्हणायला काही त्यांची जीभ रेटत नव्हती.

बरं, फोनवरचा तो नवा, आजीबाई झालेला आवाज त्यांना नकोच होता. हवा होता जुना, हक्काचा, खेकसणारा. पूर्वी बाई दिवसभर त्यांच्या मोबाइलवर बोलून निरोप पाठवायच्या. तो फोन पुढे बिघडला, पण त्याआधी कमांडरांनी त्यातला सगळा पसारा एका झिप फाइलमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, कोंबून पेनड्राइव्हवर ठेवला होता. फोटो, बिलं, मेहुण्याची भाषणं, सगळं! बायकोचा नंबर त्यांनी 'घर' या नावाने ठेवलेला, म्हणून तिच्या प्रत्येक निरोपाचं नाव 'घर'ने सुरू होत होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दार लावलं, पेनड्राइव्ह खोचला आणि कमांड दिली. गठ्ठा उघड, 'घर'ने सुरू होणारं तेवढं काढ, पुढे फुली. फुली म्हणजे पुढे काहीही असो, चालेल. एंटर!

पडद्यावर नावं भराभर सरकली. कमांडरांनी मोठ्या खुशीत आपला फोल्डर उघडला. आत ठणठण गोपाळ!

"असं कसं होईल?" त्यांनी पुन्हा तीच कमांड दिली. कॉम्प्युटरने विचारलं, या फायली इथे आधीच आहेत, पुसून नव्या टाकू का? "टाक रे बाबा, सगळ्या टाक!"

आता 'इथे' म्हणजे कुठे, हे विचारायला नको का माणसाने? पण जीव कासावीस झाला की अक्कल गहाण पडते. गठ्ठ्यातला माल पडतो तो तुम्ही उभे असाल तिथे, आणि कमांडर सकाळपासून उभे होते उद्घोषणांच्या फोल्डरात! त्या फोल्डरात जो आवाज असेल तो स्पीकरवर ओळीने वाजवायचा, एवढंच त्या कॉम्प्युटरला ठाऊक.

बाहेर घोषणा झाली, "फलाट तीनवरची गाडी सुटण्यास तयार आहे." आणि तिला लागूनच, "अहो, निघालात का? की बसलात गप्पा छाटत?"

फलाट तीनचा ड्रायव्हर खरंच गप्पा छाटत होता. तो अर्धा चहा तसाच टाकून स्टीअरिंगवर जाऊन बसला!

"छत्री विसरलात ना परत?" अर्धी रांग आपापल्या पिशव्या चाचपायला लागली.

"टाकी वाहतेय! पंप बंद करा आधी!" हा मात्र पुरुषाचा आवाज. घरमालकसुद्धा 'घर'नेच सुरू होतो ना! फुलीने त्यालाही उदार मनाने बाहेर काढलं होतं. कॅन्टीनवाल्याने धावत जाऊन पंप बंद केला, आणि तोंडाला साबण लावून उभे असलेले प्रवासी नळावर बोंबलायला लागले.

काचा बंद असल्याने कंट्रोलरूममध्ये यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात बायकोचा रोजचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून कमांडर दार उघडून बाहेर आले.

"अहो, आज बाळाने ना..." बाई बोलता बोलता थांबल्या. डोक्यावरचा स्पीकर म्हणत होता, "किती वाट बघायची हो मी? या ना लवकर घरी!"

"कोण ती?"

"कोण?" कमांडरांनी वर स्पीकरकडे बघितलं.

"ती भवानी! घरी बोलावतेय तुम्हाला! म्हणून मजेत असता होय?"

"अगं, तूच आहेस ती!"

"मला वेड लावू नका. एवढा किरकिरा आवाज माझा?"

"तुझाच आहे. जुने निरोप आहेत. ऐकावेसे वाटले म्हणून काढायला गेलो, ते चुकून स्टँडच्या स्पीकरवर लागले."

"अहो, पण मी रोज फोन करते की!"

"तो बाळासाठी असतो," कमांडर म्हणाले. "मला माझ्यावर ओरडणारी हवी होती." आणि मग एकदाचं ते तोंडातून निघून गेलं, "करमत नाही गं. ये ना आता."



"अख्ख्या स्टँडला कळलं," बाई म्हणाल्या. आवाज ओला झाला होता. "मला एकटीला सांगायला काय झालं होतं? बोलते आज लेकीशी, बघते तिकीट. आणि आधी ते बंद करा, शोभा चाललीय माझी!"

फोन ठेवतात तोच मॅनेजरसाहेब तणतणत आले. "कमांडर! हे काय चाललंय? कोण या बाई? काढा ते सगळं, आत्ताच्या आत्ता!"

"काढतो साहेब. एक ओळ!"

ते खुर्चीत बसले. या वेळी आपण कुठे उभे आहोत ते नीट पाहून घेतलं. पुसून टाक, 'घर', पुढे फुली. बोट एंटरवर गेलं आणि तिथेच राहिलं. उघड्या दारातून आवाज आला, "मी काय म्हणतेय? अहो, ऐकताय ना?"

"हो गं," कमांडर म्हणाले.

"हो, हो!" पाठीमागून साहेबही म्हणाले, अगदी ताठ उभे राहून!

मग साहेब खाकरले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "उद्या काढलंत तरी चालेल. गाड्या वेळेवर सुटताहेत."