वाचक वाढवायचे कसे?

मेरेटेला ग्रंथालयशास्त्राची पदवी मिळाली तेव्हा तिच्या आईने गल्लीभर केक वाटला होता. पुढच्या तीन वर्षांत एकतीस अर्ज झाले, तेव्हा कुठे डेन्मार्कमधल्या युटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, ग्रंथालयातली सहा महिन्यांची हंगामी नोकरी हाती लागली. नगरपालिकेची अट एकच होती: पुस्तकांची देवघेव वाढली, तरच कायम करू.

पण गाव वाचायला तयार हवं ना! दिवसाकाठी सात पुस्तकं गेली, की ग्रंथपाल इंगेलिस खुशीत कॉफीचं आधण ठेवायची. शेवटी मेरेटेने स्वतःच वाचक व्हायचं ठरवलं. इंगेलिसच्या डोळ्यांदेखत हा उद्योग करायची लाज वाटत होती, म्हणून तिने चारनंतरची वेळ धरली. तेव्हा कर्मचारी घरी जात आणि लोक कार्डाने दार उघडून, यंत्रावर नोंद करून पुस्तकं नेत. आधी ती स्वतःच्या कार्डावर नेऊ लागली, मग तिच्याबरोबर राहणाऱ्या त्रोल्सच्या आणि मग त्याच्या अख्ख्या हँडबॉल संघाच्या.

"आमचा गोलकीपर बीटच्या रोगांवरची बारा पुस्तकं वाचतोय, हे कुणाला तरी पटेल का?" सायकलच्या पेटीत गठ्ठे कोंबताना त्रोल्स वैतागला.

"आकड्यांकडे बघून चेहरे कळत नाहीत. तू ढकल!"

मार्चमध्ये नगरपालिकेचा ओलुफ जातीने ग्रंथालयात आला. "देवघेव तिप्पट! कमाल आहे!" तो म्हणाला. मेरेटे विनयाने जमिनीकडे बघू लागली. "आणि गंमत म्हणजे, सगळी वाढ चारनंतरची. तुम्ही घरी गेलात की लोक पुस्तकांवर तुटून पडतात! म्हणून म्हटलं, दिवसभर यंत्रच ठेवावं."

मेरेटेने झटकन मान वर केली.

"तीन महिने दम धर, ओलुफ," इंगेलिस शांतपणे म्हणाली. "तोवर हिलाही राहू दे. जूनचे आकडे बघ, मग काय ते ठरव." ओलुफ कबूल झाला आणि गेला.

दार लागताच मेरेटेने रडत रडत सगळं सांगून टाकलं. इंगेलिसने ऐकून घेतलं.

"किती नेलीस?"

"नऊशे."

"सगळी यंत्रावरून?"

"हो."

"अगं, एवढी शिकलीस आणि एवढी अक्कल नाही? मी एकोणीस वर्षं आमच्या चर्चमधल्या गायनमंडळाच्या कार्डांवर पुस्तकं नेतेय. पण काउंटरवरून!"

मेरेटे रडायचं विसरली. "मग देवघेव इतकी कमी कशी?"

"निम्मं मंडळ वारलं गं." इंगेलिसने डोळे टिपले आणि लगेच टेबलाकडे वळली. "तुझ्या त्या गोलकीपरला उद्या सकाळी दहाला इथे, काउंटरवर पाठव. आणि त्याला सांग, जरा वाचणाऱ्यासारखं तोंड करून ये."