झडपेतून मिस्त्री

लिफ्टच्या छतात एक चौकोनी झडप असते. दुरुस्ती करणाऱ्याने तिच्यातून वर जायचं आणि वरची यंत्रं तपासायची, अशी रीत आहे. मिस्त्रीही गेल्या महिन्यात तिच्यातून वर गेले, पण अर्धेच. उरलेले अर्धे खाली लोंबकळत राहिले आणि त्यांना ओढून काढायला सहकाऱ्यांना बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुनावलं, "मिस्त्री, महिनाअखेरीला मी स्वतः बघायला येतो. झडपेतून गेलात तर ठीक. नाहीतर ऑफिसात टेबलावर बसून तक्रारींचे फोन घ्यायचे."

फोन घेणं काही वाईट काम नव्हे, पण उभा जन्म तारा आणि चाकांत रमलेल्या माणसाला ती जन्मठेपच वाटली. मिस्त्री रोज सकाळी चालू लागले, वजनं उचलू लागले. घाम आला, भूक दुप्पट झाली, पोट मात्र जागचं हललं नाही.

"बाबा, नुसतं रमतगमत चालून काय होणारे?" लेक म्हणाली. या विषयावरचे व्हिडिओ बघून ती आता घरातली तज्ज्ञ झाली होती. "जोडीला कार्डिओ हवा. थोडा वेळ जीव तोडून उड्या, थोडा दम खायचा, की परत जीव तोडून उड्या."

घरात पहिल्याच उडीला कपाटातल्या बश्या वाजल्या. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब दारात उभं.

"अहो, तुमचं पोट कमी व्हायचं तेव्हा होईल," बायको म्हणाली, "त्याआधी आपला शेजार कमी होईल."

मैदानात उड्या मारायची मिस्त्रींना लाज वाटे. शेवटी त्यांनी जी जागा शोधली ती ऐकून कुणीही कपाळावर हात मारला असता. एका जुन्या इमारतीची लिफ्ट त्यांच्याकडे दुरुस्तीला होती. दारावर 'काम चालू आहे'ची पाटी, आत पंखा, बघायला कुणी नाही. लिफ्टमध्ये उड्या मारू नका म्हणून ज्याने लोकांच्या पोरांना जन्मभर दरडावलं, तोच माणूस आता रोज दार लावून आत उड्या मारू लागला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

साहेब यायच्या दिवशीही मिस्त्रींना राहवलं नाही. लिफ्ट वर नेता नेता त्यांनी उड्यांचा शेवटचा हप्ता सुरू केला. एक दणका बसला, लिफ्टचे सुरक्षा ब्रेक लागले आणि ती दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. हे ब्रेक सोडवायचे तर छतावर जायला हवं, आणि छतावर जायचं तर झडपेतून.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर साहेब येऊन ठेपले. किल्लीने दार उघडून त्यांनी खाली डोकावलं.

"मिस्त्री, लिफ्ट का थांबली?"

"ब्रेक तपासतोय साहेब. चांगलेत."

"मग या वर. बघू."

मिस्त्रींनी वीज बंद केली, शिडी लावली आणि देवाचं नाव घेतलं. डोकं गेलं, खांदे गेले. पोट कडेशी जरा घुटमळलं आणि मुकाट्याने मागोमाग आलं. मिस्त्रींना रडूच आलं. ब्रेक सोडवून ते खाली गेले, आणि कुणी सांगितलं नसताना परत वर येऊन पुन्हा खाली गेले.

साहेबांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "झडप कापून मोठी केलीत ना? खरं सांगा."

"स्वतःच बघा की."

साहेब छतावर उतरले, झडपेत पाय सोडले आणि कमरेपर्यंत खाली आले. तिथे मात्र त्यांची प्रगती खुंटली. ते वरही जाईनात आणि खालीही येईनात. लिफ्टमध्ये साहेबांचे बूट शिडी शोधत हवेत चालू लागले.

"मिस्त्री."

"बोला साहेब."

"ऑफिसात कुणाला कळता कामा नये."

"छे. माझ्या टेबलाचं तेवढं सांगा, की लगेच ओढतो."

बूट हवेतच थबकले.

"कुठलं टेबल?" साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांचे पाय घट्ट धरले.