माहेरची द्वारका

आमच्या रिसोडच्या कॉलेजात स्त्री अध्ययन केंद्राचा कुठलाही कार्यक्रम असो, दीपप्रज्वलन झालं की केंद्रप्रमुख इंगळे मॅडम उठतात, पाहुण्यांकडे निघालेला माईक मध्येच घेतात आणि समोर बसलेल्या बायांना विचारतात, "इथं कोनी माहेरची द्वारका हाय काय?"

कोणी नसतं. मग मॅडम माईक देऊन खाली बसतात. विषय पोषण आहाराचा असो की वारसाहक्काचा, प्रश्न तोच. नवे पाहुणे गोंधळतात, आम्ही सरावलोय.

आम्हाला वाटायचं, हा त्यांच्या संशोधनाचा भाग. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर जातंच, नावही जातं. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो आणि पेढे वाटले जातात. मॅडमचा अभ्यास त्यावरच. "मांडवात नाव सांडलं अन् कोनी उचललं नाई," हे त्यांचं पालुपद. ते उचलायचं काम त्यांनी अंगावर घेतलेलं. भाजीवाली भेटो की एसटीची कंडक्टर, पहिला प्रश्न, "माहेरचं नाव काय वं तुह्यं?" कळलं की पुढे त्याच नावाने हाक, तीही भर बाजारात. मला सगळं कॉलेज अनुराधा म्हणतं; मॅडम विद्यार्थ्यांसमोर बेबी म्हणतात.

एकदा प्राचार्यांच्या पत्नी शकुंतलाबाई कार्यक्रमाला आल्या आणि मूळच्या गुंफा निघाल्या. त्यानंतर म्हणे घरी शकुंतला म्हटलं की त्या ओ देईनात. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. "केंद्र चालवा मॅडम, माझं घर काहून चालवून राह्यल्या?"

"सर, एक डाव गुंफा म्हनून तर पाहा," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात केंद्राला नवा पंखा मिळाला.

विद्यापीठातल्या परिषदेत मॅडमनी निबंध वाचला, तेव्हा एका तज्ज्ञांनी विचारलं, "या संशोधनाचं उद्दिष्ट काय?" मॅडम म्हणाल्या, "एक बाई सापडवाची हाय." सगळे हसले. मॅडम तेवढ्या हसल्या नव्हत्या.

गेल्या मार्चमध्ये कारंज्याला महिला मेळावा होता. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मागच्या रांगेतून एक हात वर आला. मॅडम पायऱ्या न पाहताच व्यासपीठावरून उतरल्या. एक चप्पल तिथेच राहिली. त्या बाईचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरून निरखला.

"रिठदची?"

"नाई जी. मानोऱ्याकडची."

"बरं, बरं," मॅडम म्हणाल्या. पण तिला सोडलं नाही. जेवायला शेजारी बसवलं, आपल्या ताटातला लाडू तिला वाढला आणि निघताना कारण नसताना दोनदा "द्वारके" म्हणून हाक मारली.

परतताना जीपमध्ये त्या आपणहून बोलल्या. रिठद हे त्यांचं माहेर; तिथे त्यांचं आणि बालमैत्रीण द्वारकाचं घर लागून. मॅडम परीक्षेसाठी वाशिमला मावशीकडे गेल्या आणि तेवढ्यात द्वारकाचं लग्न उरकलं, कारंज्याकडे कुठेतरी. तिचे आईवडील कामासाठी बाहेर गेले ते तिकडचेच झाले. नवं नाव सांगणारं गावात कोणी उरलं नाही.

"आडनाव नवं, नावही नवं. इचारू कसं अन् कोनाले?" मॅडम म्हणाल्या. "पुढच्या साली मी रिटायर होतो. मंग माईक कोन देईन मले?"

"सापडली तर काय बोलाल?"

"मी कायले बोलू? थेच बोलन. 'अवं सुबे' म्हनन. माय गेली तवापासून मले सुबी म्हननारं कोनी नाई राह्यलं. सारे मॅडमच म्हनतात."

मला फार वाईट वाटलं. ते नाव जिभेवर आलं होतं, पण माझ्या तोंडी ते शोभलं नसतं.

परवाच्या कार्यक्रमाला मॅडमचा घसा बसला होता. त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि डोळ्यांनीच सांगितलं. मी विचारलं, "इथं कोनी माहेरची द्वारका हाय काय? रिठदची?" मग न ठरवताच पुढे बोलून गेले, "तुही सुबी तुही वाट पाहून राह्यली."

कोणाचाही हात वर आला नाही. मॅडम मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. पाहुण्यांनी माईकसाठी हात पुढे केला. मी तो अजून जरा वेळ धरून ठेवला.